उपाशिणीची पहिली भाकरी

१

“आता जे सांगतो त्याच्यावर कुणी इस्वास ठेवणार न्हाई,” तात्याबा म्हणाला, आणि मालनबाईंच्या मनात आलं, म्हाताऱ्यानं सकाळपासून उच्चारलेलं हे पहिलं खरं वाक्य.

बोरमळच्या झरेश्वराच्या देवळापुढं अख्खं गाव गोळा झालं होतं. तात्याबा नंदीला टेकून बसला होता आणि नंदीपेक्षा जास्त पूजा त्याचीच चालली होती.

“उजाडत व्हतं. ह्या डोळ्यांनी बघितलं म्या. उपाशीण कोनाड्यातनं खाली उतरली, निऱ्या सारख्या केल्या आन् निघाली भीमंकडं. म्या म्हणलं, ‘बाये, कुठं?’ तर मागं वळून म्हणली, ‘जेवायला.’”

बायकांनी नदीकडं तोंड करून हात जोडले. पलीकडच्या काठावर दौंड तालुक्यातला कुणी एक इसम म्हशी धूत होता. त्यालाही नमस्कार पोचला.

मालनबाईंनी तेवढ्यावरून गावाची किंमत केली, आणि ती फार आली नाही. त्यांची सगळी नोकरी दौंड जंक्शनला रेल्वे पोलिसांत गेली होती. हवालदार म्हणून रिटायर झाल्या. तिकीट होतं पण ते ठेवलेला खिसाच कुणीतरी मारला, असं रडत सांगणारे लोक त्यांनी पाहिले होते. साखळी वाऱ्यानं ओढली गेली, हे शपथेवर सांगणारा एक पदवीधर पाहिला होता. त्या मानानं तात्याबाच्या थापेत निदान निऱ्या तरी होत्या.

“तात्या, दगडाच्या बाईला निऱ्या कुठनं आल्या?” त्यांनी विचारलं.

“चालायचं म्हंजी निऱ्या लागत्यात, मालन. तुला पोलिसात प्यांट व्हती म्हणून तुला न्हाई कळायचं.”

लोक हसले. मालनबाई उठून देवळाच्या उत्तर अंगाला गेल्या.

हे देऊळ ज्यांनी बांधलं त्यांनी चुना वापरला नव्हता. दगडात दगड असा बसवला होता की फटीत पोस्टकार्ड जाऊ नये. त्यांच्या वारसांना तेवढं काही जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी ऑइलपेंट आणला होता. खांब गुलाबी. उंबऱ्यावरचं कीर्तिमुख हिरवं, त्याचे दात पिवळे. देवळाला बोलता येत नाही हे गावाचं नशीब.

उत्तरेच्या भिंतीत, अभिषेकाचं पाणी पडतं त्या गोमुखाच्या अलीकडं, एक कोनाडा. त्यात हातभर उंचीची बाई उभी असायची. हाडं वर आलेली, पोट पाठीला लागलेलं, बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी. गाव तिला उपाशीण म्हणायचं. पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत बांधलं, रात्रभर त्यांना भाकरी थापून घालणारी ती ही, आणि हिला मात्र तुकडाही उरला नाही, ही तात्याबाची कथा. बापूसाहेबांच्या पणजीनं एकदा हिला न देता घास घेतला आणि तिचं पोट ढोलासारखं फुगलं, हीही त्याचीच. तेव्हापासून बापूसाहेबांच्या घरची तव्यावरची पहिली भाकरी उपाशिणीची. ती कोनाड्यापुढं गेल्याशिवाय त्या घरात कुणी घास उचलत नसे. तात्याबाच्या थापेनं गावातलं सगळ्यात तालेवार घर रोज दुपारी ताटकळत होतं, आणि हे म्हातारा पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना अभिमानानं सांगायचा.

आज कोनाडा रिकामा होता. छिन्नीचा ओरखडा नाही, पहारीचा टवका नाही. मूर्ती तळाच्या खाचेत नुसती बसवलेली होती, ती सरळ उचलली होती. मग मालनबाई वाकल्या. कोनाडा पुसून घेतलेला होता. हळदीकुंकवाची बोटं होती आणि मधोमध पानाचा विडा, त्यावर सुपारी.

“जाता जाता आपल्याला विडा ठिवून गेली माउली,” मागून तात्याबा म्हणाला.

“माउली-बिउली काय न्हाई.” हा आवाज बापूसाहेबांचा. देवळाच्या ट्रस्टचे अध्यक्ष, दोन वेळचे सरपंच, कडक इस्त्री, गॉगल कपाळावर. “देवी चालत न्हाई. देवी न्येलीय. आन् कुणी न्येलीय ते मला म्हाईत हाय. काल सांजच्याला ह्या कोनाड्यात हात घालून कोण बसलं व्हतं? ताईबाईचा ईश्वर!”

२

दुपारच्या आत ताईबाई मालनबाईंच्या दारात आली. रांजणगावच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये ती पोळ्या लाटते. अंगावर अजून कँटीनचा निळा एप्रन होता.

“अक्का, बापूसाहेब परवा हवालदाराला बोलावत्यात. तक्रारीत पोराचं नाव घालायचं म्हणत्यात.”

“मग घालू दे. चौकशी हुईल.”

“चौकशी न्हाई वं!” ताईबाईचा आवाज फुटला. “त्याची नेमणूक झालीया. पुरातत्त्व खात्यात. चारित्र्य पडताळणी चाललीय ह्याच आठवड्यात, ह्याच पोलीस ठाण्यात. मूर्तीचोर म्हणून एकदा कागदावर नाव चढलं, तर ते खातं त्याला दारात तरी उभं करंल का?”

खरं होतं. दुसऱ्या कुठल्या खात्यात असला डाग कदाचित धुऊन निघाला असता. या खात्यात नाही.

ईश्वर मागं उभा होता. हुशार पोरगा. गावानं त्याला माफ न करण्याचं अर्धं कारण तेच होतं. उरलेलं अर्धं सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडानं बोलत नव्हतं. बौद्धवाड्यातल्या पोरानं देवळाची मापं काढावीत हे गावाला पचत नव्हतं.

“काल कोनाड्यात हात का घातलास?”

“माप घेत होतो, मावशी. गुरुवारी खात्याचे साहेब पाहणीला येणार आहेत. मी अर्ज केला होता, देऊळ संरक्षित करा म्हणून. ती उपाशीण नाही, चामुंडा आहे. यादवकाळातली. आणि या देवळाला हेमाडपंती म्हणतात तेही ढोबळ आहे, कारण हेमाद्रीच्या आधीपासून—”

“गप.”

मालनबाईंनी बोट वर केलं.

“अर्जाबरोबर कशाचे फोटो धाडलेस?”

“तिचेच. बाकी सगळ्यावर ऑइलपेंटचे थर आहेत. तेवढी एकच मूर्ती रंगातून वाचली, कारण तिला रंग लावायला लोक भितात. साहेब खरं तर तिच्यासाठीच येतायत.”

“आन् देऊळ संरक्षित झालं तर?”

“तर बापूसाहेबांचा सभामंडप रद्द. त्यांना जुना मंडप पाडून आरसीसी घालायचाय. टाइल्स, वडिलांच्या नावाचा संगमरवर. ठेका विनोदला दिलाय. संरक्षित वास्तूला खिळा ठोकता येत नाही.”

मालनबाईंनी चहाचं भांडं खाली ठेवलं. म्हणजे बाई हरवून फायदा होणारे दोघं. पण फायदा होतो एवढ्यावर कुणी चोर ठरत नाही. नाहीतर दौंड स्टेशनवर रोज अर्धा फलाट आत घालावा लागला असता.

“तू देव मानतोस?”

“मला देवाचं काही नाही, मावशी. दगडाचं आहे.”

“देव जागेवरनं हलवताना काय करत्यात, ठाऊक हाय का?”

ईश्वर गोंधळला. त्याच्या पुस्तकात ते नव्हतं.

“विडा ठिवत्यात,” ताईबाईच हळूच म्हणाली. “विडा-सुपारी ठिवून, बाये तुला दुसरीकडं न्हेतो, रागावू नगंस, असं म्हणत्यात. माझी आजी सांगायची.”

“बघ. मूर्ती इकणारा चोर विडा ठेवत न्हाई. तुझ्यासारखा न मानणाराबी न्हाई. ज्यानं उचलली तो तिला लई भितो.” मालनबाईंनी तोंड वाकडं केलं. “चोरी करतो, वर देवीची परवानगी घेतो. असला चोर मला उभ्या नोकरीत भेटला न्हवता.”

३

दुसऱ्या दिवशी सकाळी विनोद कंत्राटदार देवळामागं खडी उतरवून घेत होता. मूर्ती गेली तरी खडी थांबली नव्हती. तो दोन फोनवर एकदम बोलायचा आणि दोन्हीकडं खोटं बोलायचा, अशी त्याची ख्याती होती.

“मला मूर्ती काय करायचीय, मावशी? मी मटेरियलवाला. सिमेंट, स्टील, खडी. दगडात मला इंटरेस्ट नाही.”

“मंडपाचे खांब पाडल्यावर त्या दगडाचं काय करणार व्हतास?”

“पायात भरू. चांगला दगड आहे, बसतो गच्च.” मग त्याला आपण काय बोललो ते कळलं असावं. “म्हणजे, आदरानं भरू.”

मालनबाई त्याच्या तोंडाकडं बघत नव्हत्या. त्याच्या नखांकडं बघत होत्या. दहाही नखांच्या कडा केशरी होत्या.

“हे काय लागलंय?”

“हे होय? रेडऑक्साइड. ग्रिलला मारत होतो.”

“कुठल्या ग्रिलला?”

“मंडपाच्या.”

“मंडप अजून झाला न्हाई.”

“ॲडव्हान्समध्ये मारून ठेवतो आपण.” त्यानं एक फोन कानाला लावला. तो वाजलाही नव्हता.

रेडऑक्साइड विटेच्या भुकटीसारखा तपकिरी असतो. मालनबाईंनी रेल्वेच्या पुलांवर तो उभा जन्म पाहिला होता. केशरी, तेलकट आणि साबणानं न निघणारी वस्तू या पंचक्रोशीत एकच.

पण शेंदूर कशाला? उपाशिणीला शेंदूर लागत नाही. झरेश्वराला लागत नाही. गावचा मारुती तर रस्त्याच्या रुंदीकरणात वेशीबाहेर गेला होता आणि त्याचा शेंदूर त्याच्या पुजाऱ्याशिवाय कुणी करत नव्हतं.

मालनबाई त्या मारुतीकडं जाऊन बघून आल्या. शेंदूर जुना, वाळलेला, खपल्या धरलेला. पुजारी म्हणाला, “मला कुणी इचारलं बी न्हाई. पर परवाच्या बाजारात शिरूरला विनोदला बघितला, पूजेच्या दुकानात. डबाच उचलला त्यानं. म्या मनात म्हणलं, ह्याला एवढी भक्ती कवा फुटली?”

परवा. म्हणजे मूर्ती जायच्या आदल्या दिवशी.

४

सल्लामसलत करायची म्हणून मालनबाई भर जेवणाच्या वेळेला बापूसाहेबांच्या बंगल्यावर गेल्या. पोलिसात असताना त्यांनी एक गोष्ट शिकून घेतली होती. माणूस तोंड पुसत असताना त्याला गाठावं, तेव्हा त्याच्याकडं सबब तयार नसते.

बापूसाहेब तोंडच पुसत होते. हात धुऊन झाला होता. त्यांनी एक ढेकर दिला, तोही बंगल्याला शोभेल असा ऐसपैस.

“या, मालनबाई. काय म्हणतो तुमचा तपास? सोडा आता. उद्या पोपटराव हवालदार येत्यात. नाव दिलं का संपला इषय.”

“संपंल की. तुम्ही जेवलात वाटतं?”

“आत्ताच. वांगं केलं व्हतं. बसा, वाढायला सांगतो.”

“नको. मी आपली वहिनींना भेटते.”

आत अनसाबाई, बापूसाहेबांची बायको, ताटं गोळा करत होती. मुकाट बाई. बापूसाहेबांच्या घरात बोलण्याचं काम एकाच माणसाकडं होतं.

“वहिनी, सगळी जेवली?”

“व्हय. पोरं शाळेतनं आली, तीबी जेवली.”

“उपाशीण कालपासनं न्हाई. मग पहिली भाकरी कुणाला ठिवली?”

अनसाबाईच्या हातातलं ताट परातीत पडलं. तिनं दाराकडं पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून ती ती भाकरी रोज स्वतः देवळात नेत होती. पावसात, तापात, बाळंतपणानंतर सवा महिन्यानं सुद्धा पहिलं बाहेर पडणं तिथंच. पहिला घास देवीनंतर, ही भीती तिच्या हाडात मुरलेली होती. देवी गायब आणि घर पोटभर जेवलेलं, हे या बंगल्यात होणं शक्यच नव्हतं. जोपर्यंत भाकरी कुठंतरी पोचत होती, तोपर्यंतच हे घर जेवणार.

“ह्यांनीच न्येली,” ती पुटपुटली. “म्हणले, तू नगं येऊ, म्या ठिवून येतो. काल बी ह्यांनीच न्येली. चालत न्येली वं. गाडीबिगर हे अंगणात सुदीक जात न्हाईत.”

“कुठं न्येली?”

“नदीकडच्या मळ्यात. म्हसोबाला.”

मालनबाईंनी तिच्याकडं बघितलं. “तुमच्या नदीकडच्या मळ्यात म्हसोबा हाय?”

अनसाबाई ताट घासायला लागली. घासलेलंच ताट.

“ह्ये म्हणत्यात, हाय,” ती म्हणाली.

५

नदीकडच्या मळ्यात नुकताच ऊस तुटला होता. पाचट पेटवून रान काळं झालं होतं. बांधावर एक लिंब, आणि लिंबाच्या बुडाशी, खोडाला पाठ लावून, एक शेंदरी दगड. चांदीच्या पत्र्याचे दोन डोळे चिकटवलेले. समोर नारळाची टरफलं, उदबत्त्या, आणि एक चौपदरी घडी घातलेली बाजरीची भाकरी. तिच्यावर मीठ नाही, मिरची नाही, कांदा नाही.

मालनबाईंनी भाकरीकडं बघितलं आणि हसू दाबलं. म्हसोबाला कोंबडं लागतं, नाहीतर बोकड. त्याच्यापुढं कोरडी भाकरी ठेवणारा माणूस शिरूर तालुक्यात तरी जन्मला नव्हता. ही भाकरी ज्या बाईची होती ती गावात सगळ्यांना ठाऊक होती.

पण त्या एकट्या नव्हत्या. दगडापुढं रांग लागली होती.

“कवापासनं हाय हा म्हसोबा?” त्यांनी रांगेतल्या शितलला विचारलं. शितल अंगणवाडीची सेविका, शिकलेली पोरगी.

“फार जुना आहे, मावशी. आजोबांच्या आधीचा.”

“तू आधी बघितला व्हतास?”

“उसाआड होता ना. ऊस तुटला म्हणून दिसला. बापूसाहेबांना दृष्टान्त झाला.”

तिच्या मागचा भैरू टेम्पोवाला म्हणाला, “माझ्या चुलत्याला पावलाय हा. म्हैस गाभण राहत न्हवती.”

“कवा पावला?”

“लई वर्सं झाली.”

“उसाआडनं पावला का?”

भैरूला प्रश्नातला खवचटपणा कळला नाही. त्यानं गंभीरपणे मान हलवली. “जागृत हाय, मावशी.”

मालनबाईंना त्या क्षणी या माणसांची कीव यावी इतकासुद्धा आदर वाटेना. कालपरवा शेंदूर फासलेला दगड, आणि याला तो चुलत्यापासून आठवत होता. उद्या याच तोंडानं ते सांगतील की ईश्वरला मूर्ती नेताना बघितलं. आठवायला सांगणारा फक्त कुणीतरी इस्त्रीचा पाहिजे.

त्यांनी हात जोडले, खाली वाकल्या, डोकं टेकायचं निमित्त केलं. शेंदूर पातळ होता. जुन्या देवाचा शेंदूर पिढ्यान्‌पिढ्या चढून गोळा होतो, दगडाचा आकार गिळून टाकतो. याच्यावर एकच हात होता, अजून ओला, तेलाचा वास मारणारा. आणि पुढची बाजू घडीव दगडाच्या पाठीसारखी सपाट.

पाठच होती ती.

मालनबाईंनी पदराआडून हात दगड आणि खोड यांच्यामधल्या फटीत सारला. बोटं वर सरकवली. एक उंचवटा. त्याच्या वर खोबण. पुन्हा उंचवटा, पुन्हा खोबण.

बोटांना बरगड्या लागल्या.

६

दुसऱ्या दिवशी पोपटराव हवालदार आले. मालनबाईंनी त्यांना देवळात न बसवता थेट बांधावर नेलं आणि गावही मागं आलं. पोपटरावांनी लिंबापासून लांबच बूट काढले.

मालनबाईंनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. चोरानं विडा ठेवला, म्हणजे तो देवीला भिणारा. विनोदनं आदल्या दिवशी शेंदूर घेतला आणि नखं रंगवून घेतली. बापूसाहेबांच्या घरात देवीला भाकरी गेल्याशिवाय कुणी जेवत नाही, आणि देवी हरवल्यावरही घर जेवतंय. भाकरी या दगडापुढं येतीय. गुरुवारची पाहणी होईपर्यंत बाई लपवायची, तोवर पोराच्या नावावर चोरी घालायची. मात्र नदीत टाकायची हिंमत नाही, विकायची हिंमत नाही आणि एक दिवस उपाशी ठेवायचीही हिंमत नाही. म्हणून तोंड झाडाकडं करून उभी केली आणि पाठीवर म्हसोबा काढला.

“दगड फिरवा,” त्या म्हणाल्या. “म्होरून उपाशीण हाय.”

पोपटराव घामाघूम झाले. “म्याडम, तुम्ही सीनियर. पर देवाच्या अंगाला हात? मला लेकरंबाळं हायती. असं करा, गावातल्या एका जरी जाणत्या माणसानं सांगितलं ना, का हितं देव न्हाई, तर म्या सोता फिरवतो.”

“मी फिरवतो,” ईश्वर पुढं आला.

“मागं हो!” मालनबाई गरजल्या. “तू हात लावलास का ह्यांना तेवढंच पाहिजे हाय. मूर्ती राहील बाजूला, देव बाटवला म्हणून दुसरी केस हुईल.”

बापूसाहेब गॉगल पुसत होते. “पोपटराव, लिहून घ्या. म्या नाव सांगतो.”

हवालदारानं कागद मांडीवर घेतला. पेन उघडलं. ताईबाईनं पोराचा दंड धरला.

मालनबाईंनी गर्दीवर नजर फिरवली. बापूसाहेबांविरुद्ध तोंड उघडणारं यात कुणी नव्हतं. अर्ध्यांचा ऊस त्यांच्या शब्दावर तुटत होता, उरलेल्यांचा आधीच म्हसोबा पावला होता. खऱ्याची चाड असलेला माणूस इथं शोधण्यात अर्थ नव्हता. पण खोट्याची चाड असलेला एक होता. तात्याबाला त्यांनीच सकाळी रिक्षात घालून आणला होता. तो पाचटाच्या ढिगावर बसला होता आणि कधी नव्हे तो गप्प होता. उपाशिणीच्या निऱ्या आता कुणी ऐकत नव्हतं. बाजार म्हसोबाकडं सरकला होता.

“बापूसाहेब,” मालनबाई मोठ्यानं म्हणाल्या, “नाव लिहायला कितीसा वेळ लागतो? त्याच्या आधी एवढ्या जागृत देवाची कथा तरी सांगा. हवालदारसाहेब पैल्यांदाच आल्यात.”

“व्हय व्हय, ऐकू द्या,” पोपटरावांनी पेन कानाला लावलं. लिहिणं पुढं ढकलायला त्यांना काहीही चाललं असतं.

बापूसाहेबांना भाषणाची सवय होती, कथेची नव्हती. त्यांनी घसा खाकरला.

“तर... आमच्या खापरपणज्याच्या काळातली गोष्ट. प्लेग आला व्हता. सगळीकडं. पार वडगाव रासाईपत्तूर. तर खापरपणज्याला सपान पडलं. म्हसोबा आला. म्हणला, मला बांधावर बसव. मग बसवला.”

“आन्?” शितलनं विचारलं.

“आन् प्लेग गेला.”

तात्याबाच्या तोंडातून सुस्कारा निघाला.

“कसा गेला?” मालनबाईंनी विचारलं.

“कसा म्हंजी? गेला. बैलगाडीतनं गेला.” बापूसाहेब अडखळले. मग त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. “प्लेग म्हंजी एक बाई व्हती. पांढऱ्या लुगड्यातली. ती नदीपाशी आली, तर म्हसोबानं हितं वाट अडवली. म्हणली, मला जेवायला दे. तर म्हसोबा म्हणला—”

“अरे, ती माझी मरीआई!” तात्याबा पाचटावरून अर्धा उठला. “ती वेशीपाशी अडती! आन् लुगडं हिरवं हाय!”

“तात्या, तुम्ही गप बसा. हे आमच्या घराण्यातलं हाय. तवापासनं आमची पिढी न् पिढी ह्या लिंबाखाली दिवा लावती. एक दिवस चुकला न्हाई. ह्या जागंवर कुणी पाय सुदीक ठिवत न्हाई, इतकं कडक दैवत हाय. लिहा, पोपटराव. नाव ईश्वर—”

“खोटं!”

तात्याबा उभा राहिला होता. त्याच्या गोष्टीची चोरी झाली होती, आणि चोराला ती नीट सांगताही आली नव्हती.

“साफ खोटं! हितं देव कवाच न्हवता!”

“तात्या, जिभेला आवरा,” बापूसाहेबांचा गॉगल खाली आला. “कशावरनं खोटं? हाय का तुमच्याकडं पुरावा?”

“पुरावा?” तात्याबानं आख्ख्या गावाकडं बघितलं, मग लिंबाकडं बोट केलं. “अवो, ऊस उंच झाल्यापासनं रोज सकाळी टमरेल घिऊन म्या ह्याच लिंबाच्या बुडाशी बसतोय! दर सालाला, ऊस तुटंपत्तूर! तुमची हागणदारीमुक्त गावाची पाटी लागली, त्या दिवशीबी हितंच व्हतो! हितं म्हसोबा असता, तर म्या काय त्याच्या म्होरं धोतर सोडून बसलो असतो व्हय?”